अक्षरे नातीची, अर्थ आजीचा

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गाने आपण कधी गेला असाल, तर दिल्लीची सीमा ओलांडताच 'गुरुग्राम' ही पाटी आपल्या दृष्टीस पडली असेल. २०१६ पूर्वी येथे 'गुडगाव' हे नाव होते. देवनागरीत या नव्या नावाची अक्षरे चार: गु, रु, ग्रा, म. तीच पाटी रोमन लिपीत वाचली, की अक्षरे आठ होतात: जी, यू, आर, यू, जी, आर, ए, एम. आता वाचकहो, या आठ अक्षरांच्या मधोमध मनाने एक रेघ ओढा. डावीकडे 'गुरू' उरतो. तो शब्द आता इंग्रजीच्या कोशातही सुखाने नांदतो आहे. उजवीकडे 'ग्रॅम' उरतो. हे ग्रॅम म्हणजे आपले ग्राम नव्हे. ते वजनाचे माप आहे, आणि त्याच अक्षरांचा दुसरा एक शब्द इंग्रजीत हरभऱ्यासारख्या डाळीच्या दाण्यालाही लावतात. तो पोर्तुगीजांच्या 'दाणा' या अर्थाच्या शब्दावरून आला. म्हणजे ज्या इंग्रजाला आपले ग्राम ठाऊक नाही, त्याने ही पाटी फोडून वाचली, तर त्याच्या हाती एक गुरू आणि मूठभर हरभरे लागावयाचे!

या लेखात इंग्रजी अक्षरे आपण त्यांच्या नावांनी, देवनागरीतच मांडणार आहोत. वाचताना जवळ कागद-पेन्सिल ठेवून ती रोमन लिपीत उतरवून पाहिली, तर अधिक मौज येईल. वरच्याच आठ अक्षरांतून जी-यू-एम हा 'गम' म्हणजे डिंक काढा. तो उलट वाचला की एम-यू-जी, म्हणजे पाणी प्यावयाचा 'मग'. ए, आर, एम या तीन अक्षरांतून 'आर्म' म्हणजे बाहू, 'रॅम' म्हणजे मेंढा आणि 'मार' म्हणजे बिघडविणे असे तीन शब्द निघतात. आणि थोडे डोके खाजविले, तर ए-यू-जी-यू-आर, 'ऑगर', म्हणजे शकुन सांगणारा, हा पाच अक्षरी शब्दही त्याच पाटीत दडलेला सापडेल.

हा उद्योग रिकामटेकड्यांचा आहे, असे कोणी म्हणेल. परंतु ज्यांच्या घरी शाळकरी मुले आहेत, त्यांना हे वेड आता नवे नाही. इंग्रजी शब्दखेळांच्या स्पर्धा शाळाशाळांतून होतात, आणि त्यासाठी मुले याद्या पाठ करतात. या याद्यांची रचना मात्र आपल्या सरावाच्या शब्दसंग्रहासारखी नसते. फळे एकीकडे, पक्षी दुसरीकडे, अशी ती अर्थावर केलेली नसते. दोन अक्षरांचे शब्द एका पानावर, तीन अक्षरांचे दुसऱ्या पानावर, अमुक अक्षर असलेले तिसऱ्या पानावर, एकाच अक्षरसमूहातून निघणारे चौथ्यावर, असा तो संसार असतो. त्यात अर्थाला जागाच ठेवलेली नसते.

गुरुग्रामसारख्या नगरात या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. नोकरीनिमित्त येऊन येथे राहिलेल्या मराठी कुटुंबांतील मुले शाळेत इंग्रजी व हिंदी शिकतात. मराठी उरते ती घरापुरती, आणि घरातही बहुधा आजी-आजोबा येतील तेवढ्या दिवसांपुरती. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली व तिच्या आसपासच्या नगरांतील हवा इतकी दूषित झाली, की शाळांचे वर्ग काही दिवस बंद ठेवावे लागले आणि मुले घरूनच पडद्यावर शिकू लागली. खिडक्या लावलेल्या, बाहेर खेळावयास बंदी. त्या दिवसांत आमच्या घरी माझ्या मातोश्री आलेल्या होत्या. त्या मूळच्या वाईच्या, म्हणजे विश्वकोशाच्या गावच्या. त्या मटार सोलीत बसल्या होत्या आणि अकरा वर्षांची माझी मुलगी शेजारी बसून घोकत होती: "ए-ए, ए-बी, ए-डी, ए-ई, ए-जी..."

"परवचा म्हणते आहेस का गं?" आजीने विचारले.

"नाही गं आजी, शब्द आहेत हे. दोन अक्षरांचे. एकशे सत्तावीस पाठ करायचेत."

"बरं. मग पहिल्याचा अर्थ काय?"

मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "अर्थ लागत नाही, आजी. गुण मिळतात."

आजींनी काही न बोलता पुढची शेंग उचलली. मी मात्र तेथेच अडकलो. आपल्या मुलांना इंग्रजी शब्द येतात याचा आपल्याला केवढा अभिमान! आणि ते शब्द जर अर्थावाचून केवळ टरफलांसारखे साठविले जात असतील, तर तो अभिमान कशाचा? तरीही खेळाला दोष देण्यापूर्वी खेळ नीट समजून घ्यावा, असे मनाने घेतले. पुढील मजकूर हे त्या समजून घेण्याचेच फळ होय.

या सर्व खेळांचा शिरोमणी म्हणजे स्क्रॅबल. तो अमेरिकेतील महामंदीच्या काळात जन्मला. अल्फ्रेड बट्स नावाचा एक वास्तुशिल्पी बेकार झाला आणि १९३१ च्या सुमारास त्याने अक्षरांचा एक खेळ रचावयास घेतला. त्याचे प्रारंभीचे नाव 'लेक्सिको'. त्यात पट नव्हता. १९३८ मध्ये त्याने त्याला पटाची जोड दिली. खेळणी करणाऱ्या कारखानदारांनी तो नाकारला. पुढे १९४८ साली जेम्स ब्रुनो याने त्यात थोडे फेरफार करून त्यास आजचे नाव दिले, आणि १९५२ नंतर त्याची मागणी पुरवता पुरेना. पंधरा आडवी व पंधरा उभी अशी २२५ घरे, शंभर सोंगट्या, प्रत्येकाच्या हाती एका वेळी सात. शब्दकोड्यासारखे एकमेकांत गुंतलेले शब्द पटावर मांडावयाचे आणि अक्षरांवर छापलेले गुण मिळवावयाचे, इतका तो सरळ आहे.

बट्सची खरी कामगिरी आहे ती अक्षरांच्या वाटणीत. कोणते अक्षर किती वेळा यावे, हे त्याने वृत्तपत्रांच्या पानांवरील अक्षरे मोजून ठरविले. म्हणून शंभरांत 'ई' बारा आहेत, 'ए' व 'आय' नऊ-नऊ, 'ओ' आठ. उलट के, जे, एक्स, क्यू आणि झेड ही प्रत्येकी एकच. जे अक्षर विपुल त्याला एक गुण, जे दुर्मिळ त्याला अधिक. क्यू आणि झेडला दहा-दहा. दोन सोंगट्या कोऱ्या असतात; त्यांना हवे ते अक्षर मानावे, पण गुण शून्य. 'एस' हे अक्षर इंग्रजीत वारंवार येते, तरी त्याच्या सोंगट्या चारच ठेवल्या आहेत. कारण उघड आहे: ज्याच्या हाती 'एस' तो दुसऱ्याच्या शब्दाचे अनेकवचन करून मोकळा! आळशी खेळाडूची ती सोय बट्सने जाणून कमी केली. मला तर या एका निर्णयात त्याचा चांगला स्वभाव दिसतो.

आता याद्या लांबीप्रमाणे का करतात, हे ध्यानात येईल. पट भरत गेला, की मोठ्या शब्दांना जागा उरत नाही. तेव्हा एक शब्द दुसऱ्याला खेटून समांतर मांडावा लागतो, आणि जेथे जेथे अक्षरे एकमेकांना भिडतात तेथे तेथे दोन अक्षरांचा खरा शब्द व्हावा लागतो. म्हणून दोन अक्षरी शब्द हा या खेळाचा सांधा आहे. सुताराला जशी चूक आणि खिळा, तसा खेळाडूला तो. भारतासह बहुतेक देशांत प्रमाण मानल्या जाणाऱ्या कॉलिन्सच्या यादीत, २०१९ च्या आवृत्तीनुसार, एकूण शब्द २,७९,४९६ आहेत, आणि त्यांतील दोन अक्षरी अवघे १२७. 'व्ही' असलेला दोन अक्षरी शब्द त्यांत एकही नाही, आणि 'सी' येतो तो एकदाच, 'एच'च्या सोबतीने. ज्याच्या हाती शेवटी 'व्ही' उरला, त्याने कपाळाला हात लावावा!

दुसऱ्या टोकाला सात अक्षरांची यादी असते. हातातील सातही सोंगट्या एका डावात मांडल्या, तर पन्नास गुण वरकड मिळतात. म्हणून पट्टीचे खेळाडू सात व आठ अक्षरांच्या शब्दांचा ध्यास घेतात. आठ यासाठी, की पटावरील एखादे अक्षर धरून आपली सात त्यास जोडता येतात.

परंतु सर्वांत मनोहर यादी ती अक्षरसाम्याची. एल-आय-एस-टी-ई-एन हा 'लिसन' म्हणजे ऐकणे. त्याच सहा अक्षरांचा 'सायलेंट' म्हणजे निःशब्द. त्यांचाच 'टिन्सेल' म्हणजे जर. त्यांचाच 'एन्लिस्ट' म्हणजे सैन्यात नाव घालणे. त्यांचाच 'इन्लेट्स' म्हणजे खाड्या. कानाला या पाचांत काडीचे नाते जाणवत नाही. डोळ्यालाही चटकन दिसत नाही. ते दिसावे म्हणून खेळाडू एक साधी युक्ती करतात. शब्दातील अक्षरे मुळाक्षरांच्या क्रमाने लावून त्यांची एक खूण तयार करतात. वरच्या पाचही शब्दांची खूण एकच येते: ई, आय, एल, एन, एस, टी. कागदाच्या चिठ्ठीवर पुढे ही खूण, मागे ते पाच शब्द. खूण पाहावयाची आणि शब्द आठवावयाचे. ए, ई, आय, एन, आर, एस, टी या सात अक्षरांच्या एका खुणेमागे तर निदान आठ शब्द उभे आहेत. त्यांत डोळ्यातील पटलांपासून ग्रीक लोकांच्या राळमिश्रित मद्यापर्यंत सर्व काही आले.

अशा रीतीने शिकणारा कोठपर्यंत जाऊ शकतो? न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स हा २००७, २०११, २०१३, २०१८ आणि २०१९ असा पाच वेळा इंग्रजी स्क्रॅबलचा जगज्जेता झाला. २०१५ मध्ये त्याने फ्रेंच भाषेतील अजिंक्यपद मिळविले, आणि त्यास फ्रेंच बोलता येत नव्हते! काही आठवड्यांत त्याने फ्रेंच शब्दांची यादी मुखोद्गत केली होती. २०२४ मध्ये स्पॅनिशमध्येही त्याने तोच चमत्कार करून दाखविला. म्हणजे माझी मुलगी म्हणाली ते अक्षरशः खरे होते. अर्थ लागत नाही, गुण मिळतात. रिचर्ड्सची स्मरणशक्ती अलौकिक आहे, तिला आपण नमस्कारच करावा. परंतु आपल्या मुलांतील सगळीच काही जगज्जेती व्हावयाची नाहीत. ज्यांना जगज्जेते व्हावयाचे नाही, त्यांनी अर्थ का सोडावा?

त्या आठवड्यात आमच्या घरी या प्रश्नाचे उत्तर अनपेक्षितपणे मिळाले, आणि ते क्यू या अक्षराने दिले.

इंग्रजीत क्यूच्या मागे यू यावा लागतो. पिशवीत यू चारच. तेव्हा हाती दहा गुणांचा क्यू आला आणि यू आला नाही, तर तो क्यू गळ्यातील धोंडा होतो. म्हणून यूविना क्यू असलेल्या शब्दांची एक स्वतंत्र यादी असते आणि खेळाडू तिला जपतात. मुलगी ती मोठ्याने वाचू लागली. एफ-ए-क्यू-आय-आर. आजींनी मटारच्या शेंगेतून डोके वर काढले. "फकीर म्हणतेस का?" पुढला शब्द: टी-ए-एल-ए-क्यू. "तलाक." बी-यू-आर-क्यू-ए. "बुरखा." डब्ल्यू-ए-क्यू-एफ. "वक्फ." आणि मग सात अक्षरांचा क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय. "अगं, ही तर कव्वाली!" ज्यांना इंग्रजीचे एक वाक्य येत नाही, त्या आजी धडाधड अर्थ सांगत होत्या, आणि जिला अक्षरे पाठ होती ती नात तोंडाकडे पाहत राहिली होती.

याचे कारण सोपे आहे. हे शब्द मुळात अरबीचे. अरबीत घशातून उच्चारावयाचा एक 'क' आहे. इंग्रजांनी तो दाखविण्यासाठी क्यू योजिला. आपल्याकडे ते शब्द शतकांपूर्वी आले आणि मराठीने त्या घशातल्या 'क'ला साधा करून टाकला, बुरख्यात तर त्याचा 'ख' केला. म्हणजे जे शब्द लंडनच्या खेळाडूला विचित्र म्हणून पाठ करावे लागतात, ते आपल्या घरात बोलले जातात. हिशेबही करून पाहिला. कव्वालीच्या सात सोंगट्यांचे गुण २२ आणि सर्व सोंगट्या एकदम मांडल्याचे ५०, मिळून ७२. रंगीत घरांचे अधिक गुण वेगळेच. पिशवीतील एकमेव क्यू आणि दोन्हीच्या दोन्ही डब्ल्यू तिला लागतात. अशी कव्वाली हाती येणे विरळा.

त्या दिवसापासून वहीत तीन रकाने झाले. पहिल्यात खूण, दुसऱ्यात शब्द, तिसऱ्यात 'आजीचा अर्थ'. आणि मग घरातल्याच वस्तूंची रांग लागली. आर-ओ-टी-आय ही रोटी. तिचीच अक्षरे फिरविली की 'रायट' म्हणजे दंगल आणि 'ट्रायो' म्हणजे त्रिकूट. एस-आय-टी-ए-आर ही सतार. तिचाच 'स्टेअर' म्हणजे जिन्याची पायरी. आर-ए-एन-आय ही राणी. तिचा 'रेन' म्हणजे पाऊस. आर-ए-जे-ए हा राजा; तो फिरला की 'अजार', म्हणजे किंचित उघडे राहिलेले दार. डाळीची तर कोशात निदान चार रूपे आहेत: तीन अक्षरांचे एक आणि चार अक्षरांची तीन. त्या तिघांतील दोन एकमेकांची अक्षरे फिरवूनच झालेली आहेत. ते पाहून आजी म्हणाल्या, "चार वेळा मांडूनही यांची डाळ काही शिजलेली दिसत नाही!"

एन-ए-ए-एन हा तंदूरचा नान. त्याची अक्षरे फिरवून ए-एन-एन-ए आला, तेव्हा मुलीला वाटले की हे कोणा मुलीचे नाव असावे. आणि विशेषनामे तर या खेळात चालत नाहीत. आजींनी सांगितले की तो आणा. सोळा आण्यांचा रुपया. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. वाण्याकडे आणे द्यावयाचे की नये पैसे, यावरून होणारे घोटाळे त्यांना अजून आठवत होते. 'सोळा आणे खरे' असे आपण का म्हणतो, हे माझ्या मुलीला त्या दिवशी कळले. शाळेच्या पुस्तकातून कळले नव्हते, आणि मी कधी सांगितलेही नव्हते, हे कबूल करावयास हवे.

त्याच ओघात टी-ओ-एल-ए आला. तो तोळा, सोनाराचा, सुमारे ११.६६ ग्रॅमचा. तो फिरविला की एल-ओ-टी-ए, म्हणजे लोटा. पुन्हा फिरविला की ए-एल-टी-ओ, 'आल्टो'. इंग्रजीत तो गाण्यातील एका स्वरपट्टीचे नाव आहे. मुलगी हसून म्हणाली, ही तर मोटार. तिचे हसणे सार्थ होते. १९८३ च्या डिसेंबरात मारुतीची पहिली मोटार याच नगरातून बाहेर पडली, आणि त्या कारखान्याभोवती हे शहर वाढले. २००० साली त्याच कंपनीची आल्टो आली. तोळा, लोटा आणि आल्टो ही तीन पिढ्यांची तीन चिन्हे. त्यांची खूण मात्र एकच, ए-एल-ओ-टी.

सरकारी नियतकालिकाच्या वाचकांना आणखी एक शब्द सांगितल्यावाचून राहवत नाही. के-एच-ए-डी-डी-ए-आर, खद्दर, हा नेमका सात अक्षरांचा आहे. १६ आणि ५० मिळून ६६ गुण. स्वराज्याचे 'स्वराज' हे रूपही कोशात आहे. सहा अक्षरांचे, १६ गुणांचे. गोऱ्या शिपायांनी आपल्या 'देखो'चा केलेला 'डेको' हाही चालतो, परंतु त्यास दोन 'के' लागतात आणि पिशवीत 'के' एकच. तेव्हा दुसऱ्याच्या जागी कोरी सोंगटी मांडावी लागते. आणि आपल्या खास मराठीचे म्हणावयाचे, तर एम-ओ-एन-जी-ओ-ओ-एस-ई, 'मंगूस'. इंग्रजी कोशकार त्याचे मूळ मराठी 'मुंगूस' असेच देतात. आपल्या कुंपणावरून पळणारा हा प्राणी पोर्तुगीजांच्या हातून जगाच्या कोशात जाऊन बसला.

दोन अक्षरी यादीकडेही मग आम्ही नव्या दृष्टीने पाहिले. पहिलाच शब्द, ज्याचा अर्थ आजींनी विचारला होता तो ए-ए, हा हवाई बेटांवरील खडबडीत लाव्ह्याचा निघाला. क्यू-आय म्हणजे चिनी लोकांची प्राणशक्ती. एक्स-यू हे व्हिएतनामचे नाणे. ओ-एम म्हणजे साक्षात ओंकार. ए-आय म्हणजे दक्षिण अमेरिकेतील एक आळशी प्राणी, झाडाला उलटा लोंबकळणारा. मराठी घरात 'आई' ही अक्षरे अशीच लिहिली तर काय अनवस्था प्रसंग ओढवेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

या खेळाचे दिल्लीशी एक कायदेशीर नातेही आहे. कोलकात्याच्या रजत आणि जयंत अगरवाला या बंधूंनी संगणकाच्या जाळ्यावर 'स्क्रॅब्युलस' नावाचा असाच खेळ काढला. २००७ मध्ये तो जगभर लोकप्रिय झाला. मूळ खेळाचे हक्कदार दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेले. १७ सप्टेंबर २००८ च्या निर्णयात न्यायालयाने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. पटावरील रंगीत घरांची मांडणी आणि खेळाचे नियम यांवर लेखाधिकाराचा दावा चालणार नाही. परंतु नाव मात्र फसवे साम्य असलेले आहे, ते वापरता येणार नाही. पुढे त्या बंधूंचा खेळ 'लेक्स्युलस' या नावाने चालू राहिला. अक्षरे सर्वांची, नाव मात्र ज्याचे त्याचे, असाच तो निवाडा झाला.

आपल्या परंपरेत अक्षरांचे असे खेळ नव्हते, असे मात्र कोणी समजू नये. दंडीच्या 'दशकुमारचरिता'त एका कुमाराच्या ओठांना प्रेयसीच्या दंतक्षतांनी दुखापत झालेली असते. म्हणून तो आपली सारी कथा ओष्ठ्य वर्ण गाळून सांगतो. बारामतीच्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) नाना प्रकारच्या बंधनांत रामायणे रचिली. त्यांतील निरोष्ठ रामायणात प, फ, ब, भ, म यांस थारा नाही. म्हणजे रामकथा सांगावयाची आणि 'राम' म्हणावयाचे नाही! घरगुती भेंड्या तर आपण सर्वच खेळलो. फरक एवढाच, की मोरोपंतांना अक्षर गाळूनही अर्थ सांभाळावयाचा होता. अर्थ सोडून दिला असता, तर ते काम सोपे होते.

मग मराठीचा असा पट का नसावा? अडचण लिपीची आहे. रोमन सव्वीस अक्षरे सुटी सुटी मांडता येतात. आपल्याकडे व्यंजन, त्यावरील मात्रा-वेलांटी, आणि वर जोडाक्षरे. गुरुग्राममधला एक 'ग्रा' घ्या. ती सोंगटी एक करावी, की ग, र आणि काना अशा तीन? बेंगळुरूच्या मॅडरॅट गेम्स या संस्थेने हिंदीसाठी 'अक्षरित' नावाचा असा खेळ काढून या प्रश्नाशी झुंज घेतली आहे. मराठी घरात जाड पुठ्ठ्याचे चौकोन कापून व्यंजने एका रंगात व मात्रा दुसऱ्या रंगात लिहाव्यात. आम्ही तसे करून पाहिले आणि दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी 'कृष्णा' हा शब्द सोंगट्यांच्या किती तुकड्यांत मोडावा, यावर आजी-नातीचे भांडण झाले. ते अद्याप मिटलेले नाही.

आपणांस हा प्रयोग करावयाचा असेल, तर विकतचा पट नसला तरी अडत नाही. एक वही पुरे. स्वयंपाकघर, देव्हारा, कपड्यांचे कपाट आणि बाजार यांतील जे शब्द इंग्रजी कोशात गेले आहेत ते मुलांनी शोधावेत, त्यांची खूण काढावी, आणि तिसरा रकाना घरातील वडीलधाऱ्यांकडून भरून घ्यावा. तो मुलांनी स्वतः कोश पाहून भरू नये, अशी माझी सूचना आहे. कोश नंतर पाहावा, तो पडताळ्यासाठी. आजोबांनी सांगितलेला अर्थ आणि कोशातील अर्थ जेथे जुळत नाहीत, तेथेच बोलणे लांबते.

फेब्रुवारीत हवा निवळली आणि मातोश्री वाईस परत गेल्या. वही येथेच राहिली. तिच्यात एक ओळ तेवढी अर्धी होती: झेड-ओ. याक आणि गाय यांच्या संकरातून झालेला हिमालयातील पशू, एवढे कोशात सापडले. तिसरा रकाना कोराच होता. आमच्या इमारतीत लेहचे एक कुटुंब राहते. मुलगी वही घेऊन त्यांच्या आजींकडे गेली आणि तासाभराने परत आली. रविवारी दूरध्वनीवर तिने वाईला कळविले की त्याला 'झो' म्हणतात, मादीला 'झोमो', आणि लडाखात तो नांगराला जुंपतात.

"म्हणजे आपल्या खिल्लार बैलासारखाच की," पलीकडून आवाज आला. "लिहून ठेव."

तिने लिहिले. फक्त 'खिल्लार' कसे लिहावयाचे, ते मला विचारले.